भजनी मंडळाच्या कारभाऱ्यांचं शिबिर: गाणं सोडून बाकी सगळं शिकवणारे दोन दिवस

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भजनी मंडळ बंद पडतं ते गाणारे नाहीत म्हणून नव्हे. पेटीवाला पोरगा गोव्याला नोकरीला जातो, पखवाजवाला उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळीला लागतो, भजन सांगणाऱ्या बुवांचे गुडघे धरतात, आणि सहा महिन्यांत टाळ देवळाच्या कपाटात जाऊन पडतात. टाळकरी सगळे गावातच असतात. गुरुवारी संध्याकाळी देवळापुढूनच घरी जातात. पण ‘चला, बसूया’ असं कुणी कुणाला म्हणायचं, ते काम कुणाकडे दिलेलंच नसतं. ते बुवांचं होतं.

मंडळांच्या कारभाऱ्यांसाठी बेळगावात भरणारं हे दोन दिवसांचं शिबिर बरोबर त्या जागी हात घालतं. इथे राग शिकवत नाहीत, नव्या चाली देत नाहीत. मंडळ चालवायचं कसं, एवढाच विषय. त्यातलं काय उपयोगी आहे, काय आपल्या भागात चालणार नाही आणि कुठे शिकवणाऱ्यांचाच अभ्यास कमी पडला, ते पुढे लिहिलं आहे.

आधी व्यवस्था. शनिवार-रविवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. फी मंडळामागे २,४०० रुपये, चार माणसांची मिळून. दुपारचं जेवण, दोनदा चहा आणि एक पुस्तिका त्यात धरलेली. जेवण साधं, भाकरी-उसळ-आमटी-भात, आणि वेळेवर. जागा मात्र चुकली आहे. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल, वर पत्रा, खाली फरशी. एका मंडळाचे टाळ वाजले तरी आवाज दोनदा ऐकू येतो. पाच मंडळं एकदम सरावाला बसली की शेजारच्याला काय सांगतोय ते कळत नाही. सरावाच्या वेळी अर्धी मंडळं बाहेर मांडवात बसवली तरी हा त्रास निम्मा होईल. मुक्कामाची सोय नाही, त्यामुळे निपाणीकडची मंडळं दोन्ही दिवस ये-जा करतात आणि पहिलं सत्र त्यांचं हमखास हुकतं. नेमकं तेच सत्र सर्वांत महत्त्वाचं आहे.

शिबिराची सगळ्यांत चांगली अट म्हणजे एकट्या माणसाला प्रवेश नाही. मंडळातून चौघांनी यायचं: एक गाणारा, एक वाजवणारा, एक हिशेब बघणारा आणि एक पंचविशीच्या आतला. अट जाचक वाटते, कारण शेतीच्या दिवसांत चार माणसं दोन दिवस मोकळी मिळणं सोपं नाही. पण ती बरोबर आहे. एकटा माणूस शिकून आला की गावात ‘आला शहाणा होऊन’ एवढंच होतं. त्याने वहीत उतरवलेलं वहीतच राहतं. चौघं आले की त्यातल्या एकाने विसरलेलं दुसऱ्याला आठवतं, आणि बुवांनी एखादी गोष्ट स्वतःच्या कानांनी ऐकलेली असेल तर ती नंतर त्यांना पटवत बसावं लागत नाही.

पहिल्या सत्रात एक कागद देतात. त्यावर मंडळाची कामं लिहायची, समोर ती कोण करतं त्याचं नाव. सुरुवातीला सात-आठच सुचतात. मग शिकवणारे एकेक आठवण करून देतात. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, कोण घेतं? त्याच दिवशी दुसरीकडे सुपारी आहे का हे वहीत बघून कोण सांगतं? गाडी कोण ठरवतं? पेटी कोण उचलतं, आणि परत आणून कोरड्या जागी कोण ठेवतं? पखवाजाला लावायची कणीक कोण मळतं? टाळांच्या दोऱ्या झिजल्या की बाजारातून कोण आणतं? अभंग कोण निवडतं, चाल कोण बसवतं, नव्या पोराला टाळ धरायला कोण शिकवतं, आजारी टाळकऱ्याच्या घरी कोण जाऊन येतं, यजमानाने दिलेलं पाकीट कोण उघडतं? यादी पंचवीसच्या पुढे जाते. मग एकच नाव किती वेळा आलं ते मोजायचं. बहुतेक कागदांवर एक नाव पंधरा-सोळा वेळा येतं आणि ते बुवांचंच असतं.

इथे शिकवणारे उपदेशाला लागत नाहीत, हे फार बरं. ते फक्त दुसरा रकाना आखायला लावतात: हे काम सध्या शिकतंय कोण? प्रत्येक कामाला करणारा एक आणि शिकणारा एक, आणि शिकणाऱ्याने दर चौथ्या वेळी ते काम स्वतः करायचं, करणाऱ्याने बाजूला बसायचं. पहिल्याच महिन्यात सगळी कामं वाटू नका, तीनच वाटा, असंही सांगतात. ते अगदी खरं आहे. सगळं एकदम वाटलं की महिन्याभरात गोंधळ होतो आणि ‘यापेक्षा बुवा करत होते तेच बरं होतं’ म्हणून सगळं पुन्हा बुवांच्या अंगावर पडतं. सुरुवात सुपारीच्या वहीपासून, फोनाफोनीपासून आणि कणकेपासून करावी, असं पुस्तिकेत आहे.

कणकेचं नाव काढल्यावर हसू येतं, पण नवा पोरगा मंडळात टिकवायला याहून चांगलं काम नाही. शिबिरात ते करूनच दाखवतात. गव्हाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा थोडं सैल भिजवायचं, चांगलं मळायचं, पखवाजाच्या डाव्या तोंडाला आधी ओलं बोट फिरवायचं आणि गोळा मधोमध थापून कडेचं चामडं मोकळं ठेवायचं. कणीक जास्त झाली की आवाज खाली जातो आणि बसका होतो. थोडी काढली की वर येतो. फार ओली असली तर दुसऱ्या अभंगातच सरकते, फार घट्ट असली तर उन्हाळ्यात तडकून कार्यक्रमाच्या मध्येच निघते. कार्यक्रम झाला की लगेच खरवडून चामडं पुसायचं, नाहीतर ती वाळून कातडं ओढते. हे काम ज्याच्याकडे असतं त्याला दर वेळी अर्धा तास आधी यावं लागतं, आणि अर्धा तास आधी येणारा माणूस हळूहळू मंडळाचाच होतो.

दुपारचं सत्र तालमीचं. ‘तालीम म्हणजे एक तास गप्पा आणि अर्धा तास भजन’ हा आपल्याकडचा रिवाज मोडायला त्यांनी दीड तासाची आखणी दिली आहे. दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून एकच सूर धरायचा, पेटीवर नव्हे, तंबोऱ्याच्या ॲपवर. पंधरा मिनिटं येणाऱ्या अभंगातली एकच खराब जागा घ्यायची. पस्तीस मिनिटं नवा अभंग. वीस मिनिटं कार्यक्रमात म्हणतो तसं, न थांबता, उभं राहून किंवा बसून, जसं पुढच्या सुपारीत असेल तसं. शेवटची दहा मिनिटं सूचना, तारखा, पैसे. सूचना शेवटी ठेवायच्या, कारण सुरुवातीला ठेवल्या की उशिरा येणाऱ्यासाठी त्या पुन्हा सांगाव्या लागतात आणि वेळेवर आलेला चिडतो.

नवा अभंग बसवायची त्यांची रीत उचलण्यासारखी आहे. आधी नुसते शब्द, चाल न लावता, अर्थासकट. मग हातावर आठ मात्रांचा भजनी ठेका धरून तेच शब्द तालात बोलायचे. मग फक्त धृपद, म्हणजे दर कडव्यानंतर परत येणारी ओळ, गायचं, तेही टाळांशिवाय. पहिल्या आठवड्यात धृपद आणि एकच कडवं, बाकीचं पुढच्या गुरुवारी. आपल्याकडे बुवा पूर्ण अभंग तीनदा म्हणून दाखवतात आणि मागच्यांनी धरायचा; मागचे शेवटचा शब्द तेवढा ओढतात, मधलं पुटपुटतात. शब्द आणि चाल एकदम गळ्यात उतरवायला गेलं की दोन्ही अर्धवट उतरतात, त्याचं हे कारण.

लय पळते, ही तर प्रत्येक मंडळाची तक्रार. शिबिरात त्यावर एक साधी परीक्षा आहे. भजन रंगात असताना पखवाजवाल्याने अचानक दोन आवर्तनं थांबायचं, म्हणजे सोळा मात्रा, मनात मोजत राहायचं आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा यायचं. बाकीचे टाळांवर चालूच. पखवाज परत आला तेव्हा टाळ पुढे गेलेले असतील तर दोष टाळांचा. पखवाजवाल्यालाच सम सापडली नाही तर दोष त्याचा. दोष कुणाचा यावर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्या मंडळांना दोन मिनिटांत उत्तर मिळतं. आणि बहुतेक ठिकाणी टाळच पळतात, कारण मागच्या ओळीतल्यांना पखवाज ऐकू येत नाही, ते पुढच्याचे हात बघून वाजवतात. उपाय टाळकऱ्यांना रागावणं नव्हे, बैठक बदलणं. पखवाज एका टोकाला न बसवता मधे घ्यायचा आणि सर्वांत पक्क्या लयीचा टाळकरी मागच्या ओळीत बसवायचा. चांगले सगळे पुढे, ही मांडणी फोटोला बरी.

पट्टीबद्दलही, म्हणजे कोणता सूर ‘सा’ धरून गायचं याबद्दलही, उगाच लांबण न लावता सांगतात. अभंगातली सर्वांत वरची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची; निम्म्यांहून जास्त गळे तिथे गप्प झाले तर पेटीवर एक पट्टी खाली या. बुवांचा आवाज काळी चारच्या उंच पट्टीला खुलतो म्हणून पंधरा माणसांनी किंचाळायचं नाही. अडचण पखवाजाची येते. अंगावरचे लाकडी गठ्ठे ठोकून तो एखाद-दुसरा सूरच वर-खाली होतो, त्यापुढे पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, एकतर बद्द बोलते किंवा फाटते. आषाढ-श्रावणात ओलीने चामडं सैल पडून तो आपसूक उतरतो तो वेगळाच. म्हणून मंडळाने एक पट्टी ठरवायची आणि तिलाच धरून राहायचं. दर गाणाऱ्यामागे पट्टी बदलत बसायचं नाही. दुसरा गाणारा तयार करायचा असेल तर तोही त्याच पट्टीत गाणारा बघायचा. मंडळाची दुसरी फळी का तयार होत नाही याचं एक कारण इथे आहे, आणि ते मनुष्यस्वभावाचं नाही, चामड्याचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे सत्र आहे त्याची सगळ्यात जास्त टिंगल होते: बार्बरशॉप. म्हणजे न्हाव्याचं दुकान. अमेरिकेतला चार आवाजांत, कुठल्याही वाद्याशिवाय गाण्याचा प्रकार. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत माणसं गात बसायची, त्यावरून हे नाव. मुळं तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात आहेत. चार आवाजांत लीड मुख्य चाल म्हणतो, टेनर त्याच्या वर, बेस तळाशी, आणि बॅरिटोन उरलेली जागा भरतो, कधी लीडच्या वर तर कधी खाली. १९३८ साली ओक्लाहोमातल्या टल्सा गावी ओ. सी. कॅश आणि रूपर्ट हॉल या दोघांनी गाणाऱ्यांना एकत्र बोलावलं, त्यातून संघटना उभी राहिली. आज तिला बार्बरशॉप हार्मनी सोसायटी म्हणतात, कार्यालय नॅशव्हिलला आहे. गावोगावी शाखा, आणि गाणारे, गाणं बसवणारे आणि शाखा चालवणारे अशा सगळ्यांसाठी दरवर्षी भरणारी शाळा, तिचं नाव हार्मनी युनिव्हर्सिटी.

याचा आपल्या भजनाशी काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. गाण्याशी काहीच नाही. पण ते लोकही पगारी नाहीत. दिवसभर नोकरी-धंदा करून आठवड्यातून एकदा जमणारे, म्हातारे होत चाललेले, पोरं मिळत नाहीत म्हणून हळहळणारे. आणि त्यांनी मंडळ टिकवायचं कसं याचा विचार आपल्यापेक्षा पद्धतशीर केला आहे. शिबिराने तिथून तीन गोष्टी घेतल्या आहेत, त्या तिन्ही कामाच्या आहेत.

पहिली, गाणं बसवणारा आणि शाखा चालवणारा ही दोन वेगळी माणसं. त्यांच्याकडे डायरेक्टर गाण्याचं बघतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार बाकीचं. आपल्याकडे बुवाच अध्यक्ष, बुवाच खजिनदार, आणि मग पैशावरून कुरबूर झाली की ती थेट गाण्यात उतरते. दुसरी, प्रत्येक आवाजाचा एक म्होरक्या. पूर्ण गट डायरेक्टरकडे यायच्या आधी म्होरक्याने आपल्या माणसांची तयारी करून घ्यायची. आपल्याकडे चार आवाज नाहीत, पण टाळकरी आहेत, धृपद धरणारे आहेत, पेटी-पखवाज आहे. तीन म्होरके पुरतात. बुवांनी पंधरा जणांना सांगण्याऐवजी तिघांना सांगायचं.

तिसरी गोष्ट ‘टॅग’, आणि ती सगळ्यांत गोड. गाण्याचा शेवटचा छोटा तुकडा तोंडी, नुसता ऐकवून, नव्या माणसाला पाच-दहा मिनिटांत शिकवायचा आणि लगेच त्याला घेऊन चौघांनी तो म्हणायचा. आलेला पाहुणा पहिल्याच दिवशी गाऊन जातो, बसून ऐकून जात नाही. आपल्याकडे नवीन पोरगा आला की ‘बस, ऐक, हळूहळू जमेल’ असं सांगून कोपऱ्यात बसवतात. तो तीन गुरुवार ऐकतो आणि चौथ्याला येत नाही. शिबिरात टॅगच्या जागी गजर घेतला आहे. शेवटचा गजर, दोनच ओळी, आठ मात्रांत, टाळांचे दोनच ठोके: एक मोकळा, एक दाबून. नव्या माणसाला शिकवायला एक म्होरक्या बाजूला घेऊन जातो, बाकीची तालीम चालू राहते, आणि शेवटी तो गजरात टाळ घेऊन उभा राहतो. ही एक गोष्ट शिकून आलात तरी २,४०० रुपये वसूल.

यानंतर मात्र शिकवणाऱ्यांचा मोह सुटला नाही. त्यांनी अभंगाचं धृपद चार आवाजांत म्हणवून घ्यायचा प्रयोग केला आणि त्यात पाऊण तास घालवला. जमलं नाही, जमायचंही नव्हतं. आपलं भजन एका चालीचं. जोर वाढतो तो माणसांनी, लयीने आणि टाळांनी, वेगवेगळे सूर एकावर एक रचून नव्हे. त्यात त्या लोकांचे सूर कानाने जुळवलेले असतात, चौघांचे आवाज असे चिकटतात की वर एक पाचवा सूर वाजल्यासारखा ऐकू येतो. आपल्या पेटीचे सूर बांधलेले. तिच्यासोबत तो परिणाम मिळत नाही. हा प्रयोग पुढच्या शिबिरातून काढून टाकावा.

आणि ज्यावर बोलायला हवं होतं त्यावर बोलले नाहीत. ‘दार उघडं ठेवा’ असं पुस्तिकेत ठळक छापलंय, पण ज्यांच्याकडून ते घेतलं त्यांचं दार कधी उघडलं ते कुठेच नाही. कृष्णवर्णीयांच्याच गाण्यातून आलेला प्रकार, आणि त्या संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासद होऊ दिलं १९६३ साली. बायकांची वेगळी संघटना, स्वीट ॲडलाइन्स, १९४५ पासून टल्सातच निघालेली; पण पुरुषांच्या संघटनेत बायकांना सभासदत्व मिळालं २०१८ मध्ये. हे सांगितलं असतं तर आपल्याकडचा प्रश्न सरळ समोर आला असता. या गल्लीचं मंडळ, त्या गल्लीचं मंडळ. टाळकरी कमी पडतात म्हणून दोन्ही रडतात, पण एकत्र बसत नाहीत, आणि का बसत नाहीत ते सगळ्यांना माहीत असतं. महिला मंडळात पंचवीस बायका आणि पखवाज वाजवायला कुणी नाही. पुरुष मंडळात दोन पखवाजवाले आणि टाळकरी सहा. बायका-पुरुषांची पट्टी वेगळी आणि पखवाज तेवढा हलत नाही, ही अडचण खरी आहे, वर लिहिलंच आहे, पण पोरींना पखवाज शिकवायला पट्टी आडवी येत नाही. चांगली संधी हुकली.

कानडीचा प्रश्न मात्र नीट हाताळलाय, आणि तो हाताळणारी बाई याच भागातली आहे हे दोन वाक्यांत कळतं. कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या पोराला मराठी बोलता येतं, पण बुवांच्या हस्ताक्षरातली वही भराभर वाचता येत नाही. तो चुकतो, हसं होतं, येणं बंद करतो. उपाय सोपा: अभंग मोठ्या अक्षरात छापून घ्या, एका पानावर एकच, श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ मारा, आणि लागलं तर त्याला कानडी लिपीत लिहून घेऊ द्या. पंढरीच्या विठोबाला लिपीचं वावडं नाही. रायबाग, अथणी, हुक्केरीकडच्या मंडळांना तिने अजून एक सुचवलं: कार्यक्रमात एक दासरपद, म्हणजे कानडी हरिदासांचं पद, ठेवा. पुरंदरदासांच्या पदांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ आहे, ते बाहेरचं वाटत नाही. कानडी घरातली माणसं उठून जायची ती बसतात, आणि त्यांच्याकडून सुपारीही येते.

हिशेब आणि नोंदणीचं सत्र सर्वांत कच्चं. त्यातला कागद महाराष्ट्रातून जसाच्या तसा उचललेला आहे, त्यात धर्मादाय आयुक्त आहेत, सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा १९५० चा कायदा आहे. आपण कर्नाटकात राहतो. इथे संस्था नोंदवायची तर १९६० चा कर्नाटक संस्था नोंदणी कायदा लागतो: किमान सात जण, उद्देशपत्र आणि नियमावली, जिल्ह्याच्या संस्था निबंधकांकडे अर्ज, आणि नंतर दरवर्षी सभा घेऊन तिचे कागद भरणं. कागद कानडीतून चालतात, तेव्हा सातांत कानडी नीट लिहिणारा एक तरी हवा. नोंदणी करून नंतर कागद न भरणारी मंडळं अडकतात ती देणगी किंवा अनुदान मागायला गेल्यावर. प्रत्येक मंडळाने नोंदणी करावीच असंही नाही. वर्षाला दहा-बारा सुपाऱ्या घेणाऱ्या मंडळाला एक वही, छापील पावतीपुस्तक आणि दोघांच्या सहीने चालणारं बँक खातं पुष्कळ झालं. पाकीट यजमानासमोर न उघडता, पण गाडीत बसायच्या आधी दोघांनी मिळून मोजून वहीत लिहायचं. गाडीभाडं वजा करून उरलेल्यातला ठरलेला हिस्सा आधी वाद्यांसाठी काढायचा आणि मग वाटणी. वाद्यांचा हिस्सा शेवटी ठेवला की तो उरत नाही आणि पुडी फाटली की वर्गणी काढावी लागते. हे सगळं शिबिरात आलं, पण पंधरा मिनिटांत, जेवणाची पानं मांडल्यावर.

भोंग्याचं तर नावच नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला मुद्दा. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे पाचला काकडा करणाऱ्या मंडळाच्या कारभाऱ्याला हे माहीत नसेल तर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर सगळा काकडा अडतो. सहा वाजेपर्यंत भोंग्याविना गायचं, एवढंच सांगायचं होतं.

शेवटचं सत्र भांडणं मिटवण्याचं, सोंगं घेऊन करायचं. कुणी बुवा व्हायचं, कुणी रुसलेला टाळकरी. कल्पना चांगली, पण मांडताना गफलत होते. उशिरा येणाऱ्या बुवांचा प्रसंग पोरांना करायला दिला आणि समोर सत्तरीची खरी बुवा मंडळी बसलेली. पोरं नक्कल छान करतात, सभागृह हसतं आणि म्हातारे चहाच्या निमित्ताने उठून जातात. मानाच्या माणसाचं चुकतंय हे चारचौघांत दाखवायचं नसतं, एवढं तरी गावाकडच्या शिबिरात ध्यानात ठेवायला हवं. तेच दोघा म्हाताऱ्यांना करायला दिलं असतं तर त्यांनीच स्वतःची टिंगल केली असती. त्या सत्रात कामाचं असं एक वाक्य मिळतं: ‘बुवा, पुढच्या गुरुवारी दुसरी गवळण धाकट्याला म्हणू दे, तुम्ही पेटीवर बसा, म्हणजे चुकला तर सावरता येईल.’ यात बुवांकडून काही काढून घेतलेलं नाही, उलट नवं काम दिलंय. अशी वाक्यं अजून पाच-सहा छापून द्यायला हवीत.

शिबिरानंतर तीन महिने दर महिन्याला फोन आणि एक प्रत्यक्ष भेट, असं कबूल करतात. फोन येतात, आणि नुसते ‘कसं चाललंय’ नाही, तर कागदावरच्या तीन कामांचं काय झालं असं नेमकं विचारतात. भेट मात्र बेळगाव तालुक्यातल्या मंडळांनाच मिळते. चिकोडी-निपाणीकडे माणूस पोचत नाही. लांबची मंडळं फी पूर्ण देतात, तेव्हा हे बरोबर नाही. दोन-तीन मंडळांची एकत्र भेट ठेवली तरी भागेल. पुस्तिका ४० पानांची, अक्षर बारीक. साठीच्या पुढच्या माणसाला चष्मा लावूनही त्रास होतो. गाण्याचे कागद मोठ्या अक्षरात छापा म्हणून सांगणाऱ्यांची पुस्तिका बारीक अक्षरात असावी, हे जरा गमतीचंच.

कुणी जावं? ज्या मंडळात दहाच्या वर माणसं आहेत आणि सगळा भार एकावर आहे त्यांनी नक्की. चारच माणसं उरली असतील तर या शिबिराने मंडळ उभं राहणार नाही. त्यांनी आधी शेजारच्या मंडळासोबत बसावं. स्पर्धा जिंकायच्या म्हणून जाणाऱ्यांची निराशा होईल, परीक्षक काय बघतात यावर इथे एक शब्द नाही. तारखा जानेवारीच्या घ्याव्यात. मे-जूनमधलं शिबिर घेतलं तर पावसाआधी कोरड्या जमिनीत होणाऱ्या धूळवाफ पेरणीच्या घाईत चौघं जमत नाहीत, आणि पुढे आषाढी, श्रावण, गणपती असे कार्यक्रमच सुरू होतात. शिकलेलं करून बघायला मोकळे गुरुवार उरत नाहीत. भात घरात आलेलं असतं, कार्तिकी झालेली असते, जत्रा अजून लांब असतात, तेव्हा जावं. नोंदणी फोनवर होते, निम्मे पैसे आधी, उरलेले पहिल्या दिवशी सकाळी रोख.

पखवाज आपला न्यावा, आणि वाटीभर गव्हाचं पीठही. तिथे कणीक करून दाखवतात, पण पीठ सगळ्या मंडळांना पुरत नाही.